मैदानातली माऱ्याची जागा

वणी तालुक्यातील राजूर कॉलरी हे गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगण्याची गरज नाही. एका अंगाला कोळशाची काळी धूळ, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्यांची पांढरी भुकटी आणि या दोन्हींच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसे. खाणीत उतरणारे, ट्रक भरणारे, भट्टीवर दगड फोडणारे हात आपल्या समाजाचे आणि आपल्यासारख्याच इतर कष्टकरी समाजांचे. संध्याकाळ झाली की याच गावाच्या मोकळ्या जागेवर पोरे फुटबॉल खेळतात. दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे, झाला गोल. पायांत बूट असतीलच असे नाही. मोठेपणी काय होणार, असे विचारले तर कुणी मेस्सीचे नाव घेतो, कुणी रोनाल्डोचे. पण त्यातलाच एक पोरगा जे बोलला ते मनातून जात नाही. तो म्हणाला, ‘भाऊ, बॉल हाये, पोट्टे हायेत, पन शिकवनारं कोनी नाही.’

त्या पोराने नकळत आपल्या क्रीडाजीवनातल्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. आपण खेळाडू मोजतो. आपल्या वस्तीतला कुणी राज्य पातळीवर खेळला की वर्तमानपत्रात फोटो येतो, बुद्धविहारात सत्कार होतो, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण त्या खेळाडूला निवडले कुणी? कुठल्या जागेवर खेळवायचे आणि कधी बाहेर बसवायचे, हे ठरवले कुणी? त्या खुर्चीवर आपला माणूस किती वेळा बसला? हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये या खुर्चीला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे मॅनेजर म्हटले की बँकेतला किंवा बचतगटाच्या कर्जाचा साहेब डोळ्यांसमोर येतो. तिकडे मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. सराव तो घेतो, अकरा जण तो निवडतो, डाव तो आखतो, बऱ्याच क्लबांत कुणाला विकत घ्यायचे हेही त्याच्याच शब्दावर ठरत आले. खेळाडू पळतो, मॅनेजर ठरवतो. बाबासाहेबांच्या शिकवणीतून आपल्या चळवळीत ‘माऱ्याच्या जागा’ हा शब्द रूढ झाला. जिथे बसून निर्णय घेतले जातात ती जागा हातात असल्याशिवाय समाजाचे संरक्षण होत नाही, हा त्याचा अर्थ. फुटबॉलच्या मैदानातली माऱ्याची जागा कुठली, तर ती गोलसमोरची नव्हे. ती रेषेबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाची.

राजूरच्या पोरांना या संदर्भात बॉबी रॉब्सन यांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कोळशाच्याच गावातली आहे. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगण्यात लँगली पार्क नावाचे खाणगाव आहे. रॉब्सन १९३३ साली त्याच परिसरात जन्मले. वडील खाणकामगार. मुलगाही पंधराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत वीजतंत्र्याचा उमेदवार म्हणून लागला. फुटबॉल चांगला खेळायचा म्हणून १९५० साली लंडनच्या फुलहॅम क्लबने त्याला घेतले. पुढे तो इंग्लंडकडून वीस सामने खेळला. इथपर्यंतची गोष्ट एका गुणी खेळाडूची. खरी गोष्ट पुढे आहे. खेळत असतानाच रॉब्सन यांनी प्रशिक्षकाचे शिक्षण घेतले. मॅनेजर म्हणून फुलहॅमने त्यांना वर्षभराच्या आतच काढून टाकले. तिथेच सगळे संपले असते. पण १९६९ साली इप्सविच या लहान गावच्या क्लबने त्यांना घेतले आणि तेरा वर्षे ठेवले. पहिली काही वर्षे यश नव्हते, तरी ठेवले. त्या विश्वासाची परतफेड त्यांनी १९७८ साली एफए कप आणि १९८१ साली युएफा कप जिंकून केली. १९८२ ते १९९० ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर होते आणि १९९० च्या विश्वचषकात त्यांनी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. पुढे हॉलंड, पोर्तुगाल, बार्सिलोना, न्यूकॅसल. २००२ साली ‘सर’ झाले, २००९ साली गेले.

खाणीतला उमेदवार बार्सिलोनाच्या खुर्चीपर्यंत कसा पोहोचला? गुणवत्ता होती, यात वाद नाही. पण गुणवत्ता राजूरलाही आहे. फरक शिडीचा आहे. ब्रिटनमध्ये १९२० साली एक कायदा झाला. त्यानुसार खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे मालकाने एक पेनी कामगार कल्याण निधीत भरायची. त्या पेनी-पेनीतून खाणगावांत सभागृहे, वाचनालये, स्नानगृहे आणि खेळाची मैदाने उभी राहिली. कोळसा ज्या गावाच्या पोटातून निघाला, त्याच गावाच्या पोरांसाठी त्यातला एक हिस्सा परत आला. तो मालकांच्या दयेपोटी आला नाही. संघटित कामगारांच्या रेट्यामुळे कायदा झाला आणि कायद्याने तो हिस्सा हक्क म्हणून दिला. ब्रिटिश फुटबॉलला पुढे एकामागून एक मॅनेजर खाणवस्त्यांनी दिले. लिव्हरपूलचे बिल शँक्ली, मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझबी आणि सेल्टिकचे जॉक स्टीन हे तिघेही स्कॉटलंडच्या कोळसा पट्ट्यातले, तरुणपणी खाणीत काम केलेले. याला योगायोग कसे म्हणायचे?

परंतु याच इंग्लंडची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण साहेबाच्या देशाची आरती ओवाळत बसू. रॉब्सन गरीब होते, पण गोरे होते. ज्याच्या कातडीचा रंग वेगळा होता त्याचे काय झाले? टोनी कॉलिन्स हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. इंग्लंडमध्येही ते दीर्घकाळ विसरले गेले होते. १९२६ साली लंडनमध्ये जन्मलेले कॉलिन्स डाव्या बगलेवर खेळायचे. आई गोरी, वडील कृष्णवर्णीय. आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. बऱ्याच क्लबांतून खेळल्यावर १९६० साली ते रॉचडेल या चौथ्या श्रेणीतल्या, कायम पैशाच्या चणचणीत असलेल्या क्लबचे मॅनेजर झाले. इंग्लिश फुटबॉल लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर.

दोनच वर्षांत, १९६२ साली, या माणसाने रॉचडेलला लीग कपच्या अंतिम सामन्यात नेले. उपांत्य फेरीत त्यांनी पहिल्या श्रेणीतल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला हरवले. आपल्या भाषेत सांगायचे तर तालुक्याच्या संघाने राज्याच्या संघाला लोळवले. अंतिम फेरीत नॉर्विचकडून ते हरले, पण चौथ्या श्रेणीच्या क्लबने एवढी मजल पूर्वी कधी मारलेली नव्हती. इतके केल्यावर मोठ्या क्लबांची रांग लागायला हवी होती. तसे झाले नाही. १९६७ साली त्यांनी रॉचडेल सोडले. त्यानंतर १९८० साली ब्रिस्टल सिटीत काही काळ हंगामी जबाबदारी मिळाली एवढेच, कायमचे मॅनेजरपद पुन्हा मिळाले नाही.

मग त्यांनी काय केले? ते ‘स्काउट’ झाले, म्हणजे खेळाडू हेरणारे, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारे. लीड्स युनायटेडच्या वैभवाच्या काळात मॅनेजर डॉन रेव्ही यांच्यासाठी समोरच्या संघाची बारीकसारीक टिपणे तयार करून देणारे कॉलिन्स होते. पुढे मँचेस्टर युनायटेडसाठीही त्यांनी खेळाडू हेरले. डोळा त्यांचा, बुद्धी त्यांची, अभ्यास त्यांचा, आणि खुर्ची दुसऱ्याची. याचे कारण केवळ वर्ण हेच होते, असा दावा करता येणार नाही. पण हे चित्र पाहताना आपल्यापैकी कुणाला आपले कार्यालय, आपले महाविद्यालय, आपला पक्ष आठवणार नाही? अहवाल आपण लिहायचा, सही दुसऱ्याने करायची. कॉलिन्स यांचा जाहीर गौरव मॅनेजरांच्या संघटनेने केला तो २०१७ साली, वयाच्या एक्याण्णवव्या वर्षी. २०२१ साली ते गेले.

कॉलिन्स यांनी रॉचडेल सोडल्यानंतर किथ अलेक्झांडर यांना लिंकन सिटी क्लबचे मॅनेजर होण्यासाठी १९९३ साल उजाडावे लागले. आज प्रीमियर लीगच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी आहे. मॅनेजरांच्या बाकावर मात्र ती शोधावी लागते. पायांवर विश्वास आहे, डोक्यावर नाही. म्हणूनच अमेरिकेत तिथल्या फुटबॉल लीगने २००३ साली नियम केला की, मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना किमान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणींच्या लीगनेही नंतर तसाच नियम स्वीकारला. आरक्षणाला ‘गुणवत्तेचा खून’ म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. ज्या क्षेत्रात गुणवत्ता दर आठवड्याला गोलफलकावर मोजली जाते, तिथेही संधीचे दार नियम केल्याशिवाय उघडत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट त्याहून जुनी आहे. पळवणकर बाळू हे या देशातले पहिले महान गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या जिमखान्यात मैदानाची कामे करता करता इंग्रजांना गोलंदाजी करू लागला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाला जिंकायचे होते तेव्हा बाळूंचा हात चालला. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला गेला. आणि कर्णधारपद? ते बाळूंना कधीच मिळाले नाही. १९२० साली पळवणकर बंधूंनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे उपकर्णधारपदाची तडजोड झाली. अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हे आपण विसरलेलो नाही. तो राजकीय मतभेद आपल्या जागी. पण गोलंदाजी करायला आमचा हात चालतो, नेतृत्वाला आमचे डोके चालत नाही, हा जो न्याय बाळूंना लावला गेला, तो आजही संपलेला नाही.

आता आपल्या विदर्भात येऊ. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. २००१ च्या सुमाराची गोष्ट. पाऊस पडत होता आणि झोपडपट्टीतली काही पोरे चिखलात एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसेंनी त्यांना फुटबॉल दिला. पोरे त्यात रमली. जोवर ती मैदानावर आहेत तोवर ती व्यसनापासून आणि भानगडींपासून लांब आहेत, हे या शिक्षकाच्या लक्षात आले. मग त्यांनी केवळ झोपडपट्टीतल्या संघांसाठी स्पर्धा भरवली. १२८ संघ आले. कित्येक खेळाडू अनवाणी होते. एका शहराच्या झोपडपट्ट्यांत एवढा खेळ दडलेला होता आणि शहराला त्याचा पत्ता नव्हता.

‘झोपडपट्टी फुटबॉल’ असे नाव पाहून नाक मुरडणारे त्या वेळीही होते. नाव बदला, असे सल्ले मिळणे स्वाभाविक होते. पण जे आहे ते लपवायचे कशाला? बारसेंनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून जमीन घेतली. शहरातली स्पर्धा जिल्ह्यात गेली, जिल्ह्यातून राज्यात आणि देशात. अमेरिकेत असलेला त्यांचा मुलगा अभिजित परत येऊन या कामाला जोडला गेला आणि ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. बेघरांच्या विश्वचषकात, म्हणजे २००३ पासून वेगवेगळ्या देशांत भरणाऱ्या ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्ये, भारताचा संघ या संस्थेच्या मार्फत जाऊ लागला. २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार या कामाला मिळाला. जगातल्या सर्वात मोठ्या फुटबॉल संघटनेने नागपूरच्या झोपडपट्टीची दखल घेतली.

पण मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते ती पुरस्काराची बातमी नव्हे. अखिलेश पॉल हा नागपूरच्याच वस्तीतला तरुण. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला होता, हे त्याने स्वतः दूरदर्शनच्या पडद्यावर ‘सत्यमेव जयते’ कार्यक्रमात देशासमोर सांगितले. फुटबॉलने त्याला त्या वाटेवरून फिरवले. २०१० साली रिओ द जानेरोत बेघरांच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. आणि परत आल्यावर तो काय झाला? प्रशिक्षक झाला. हे या गोष्टीतले खरे स्थित्यंतर आहे. खेळाडू घडवणे ही अर्धी क्रांती. खेळाडूतून शिक्षक घडवणे ही पुरी क्रांती. कारण खेळाडूची उमेद दहा-बारा वर्षांची. शिक्षक मात्र तीस वर्षे दर हंगामाला नवी पोरे उभी करतो. बारसे सरांच्या कामाचे मोजमाप त्यांनी किती पोरे खेळवली यावर करायचे तर करा. माझ्या मते ते त्यांच्यानंतर किती जण शिट्टी हातात घेऊन उभे राहिले, यावर झाले पाहिजे.

या कामावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ च्या मार्चमध्ये आला. अमिताभ बच्चन यांनी बारसेंवर बेतलेली विजय बोराडे ही भूमिका केली. चित्रपट आला तेव्हा आपल्याच काही कार्यकर्त्यांनी विचारले, वस्तीतली पोरे खेळाडू आणि उद्धारक पुन्हा बाहेरचाच का? प्रश्न गैर नाही. तो विचारलाच पाहिजे. पण मला त्याचे दुसरे उत्तरही दिसते. पडद्यावरचा मॅनेजर अमिताभ असेल, पण त्या चित्रपटाचा मॅनेजर कोण होता? सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा नागराज. कॅमेरा कुठे लावायचा, कुणाला फ्रेममध्ये घ्यायचे, हे त्याने ठरवले. म्हणून वस्तीतली भीमजयंती आपल्या खऱ्या रंगात पडद्यावर आली, म्हणून हिंदी सिनेमाचा महानायक बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभा राहिला, म्हणून पासपोर्टच्या कागदांसाठी वणवण करणारा आदिवासी बाप देशाने पाहिला. खुर्ची आपल्या माणसाची असली की चित्रातले काय बदलते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

तात्पर्य, एकटे बारसे पुरणार नाहीत. एखाद्या चांगल्या माणसाला पावसात बादली दिसण्याची वाट समाजाने किती दिवस पाहायची? रॉब्सन घडले ते केवळ कुणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. टनामागे एक पेनी देणारा कायदा त्या खाणगावांच्या मागे होता. आपल्याकडेही कायदे आहेत. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्यातल्या कंपन्यांना दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्यात शिक्षण आहे, कौशल्य विकास आहे. फुटबॉलचा प्रशिक्षक होणे हे कौशल्य नाही तर काय आहे? राजूरच्या ग्रामसभेने हा ठराव घेतला तर तो बेकायदा आहे, असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे?

आणि मागायचे काय, हेही नीट ठरवले पाहिजे. दरवर्षी जयंतीला एक स्पर्धा, एक ढाल आणि पाहुण्यांचे भाषण एवढ्याने भागणार नाही. प्रत्येक वस्तीतून दरवर्षी दोन मुले आणि दोन मुली प्रशिक्षकाच्या शिक्षणाला पाठवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना ही प्रशिक्षकपदाच्या वाटेवरची सुरुवातीची पायरी. त्यानंतर ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका आहे. बी.पी.एड. करून शाळेत शिक्षक होण्याचा मार्ग आहे. या पायऱ्यांवर आपली मुले नसतील तर उद्या निवड समितीच्या टेबलापलीकडे कोण बसणार, हे वेगळे सांगायला नको. आपल्यातल्या नोकरदारांनी मंदिर-तीर्थाला नाही, तर एका मुलीच्या परवान्याच्या फीला हात लावावा. बुद्धविहाराच्या कपाटात पुस्तकांशेजारी दोन फुटबॉल, एक शिट्टी आणि एक हजेरीवही ठेवायला फार पैसा लागत नाही.

बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द सर्वात आधी ठेवला. आपण त्याचा अर्थ पुस्तकापुरता घेतला. मैदानही शिकण्याची जागा आहे आणि शिकवण्याचीही. टोनी कॉलिन्स यांच्याकडे डोळा होता, खुर्ची नव्हती. पळवणकर बाळूंकडे हात होता, कर्णधारपद नव्हते. राजूरच्या त्या पोराकडे चेंडू आहे, शिकवणारा नाही. बाहेरून कुणी येईल याची वाट त्याने का पाहावी? तो बारा वर्षांचा आहे. आणखी दहा वर्षांनी त्याच मोकळ्या जागेवर, गळ्यात शिट्टी अडकवून, रेषेबाहेर उभा राहून ‘डाव्या बाजूने जा रे पोट्ट्या’ असे ओरडणारा माणूस तोच असला पाहिजे. ती व्यवस्था करणे हे आपले काम आहे.